छतावरील सौरऊर्जेसाठी सरकारी सवलती : ग्राहकाच्या बाजूने परीक्षण

घराच्या छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठी निरनिराळी सरकारे ज्या सवलती देतात, त्यांची तुलना बहुधा रकमेवरून केली जाते. माझ्या मते ग्राहकाने त्याआधी पैसे हातात केव्हा पडतात आणि दिलेला शब्द किती वर्षे टिकतो, हे पाहावे. कारण या यंत्रणेचा जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच करावा लागतो, तर त्याची भरपाई वीजबिलातील बचतीतून वर्षानुवर्षे होत राहते.

पहिल्या कसोटीवर ऑस्ट्रेलियाची पद्धत मला सर्वांत सरस वाटते. यंत्रणा पुढील काळात जितकी वीज निर्माण करील, तिच्या अंदाजानुसार विकता येण्याजोगी प्रमाणपत्रे मिळतात. ती सहसा पॅनेल बसवणारी कंपनीच घेते आणि त्यांच्या किमतीएवढी रक्कम ग्राहकाच्या पॅनेल-खरेदीच्या बिलातून वजा करते. हा लाभ दरवर्षी घटत जाऊन 2030 अखेर संपणार, हेही आधीच जाहीर आहे. तेथे घरे आणि लहान व्यवसाय मिळून 40 लाखांहून अधिक यंत्रणा बसल्या आहेत. भारतात 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत 3 किलोवॉट वा त्याहून मोठ्या यंत्रणेला 78,000 रुपयांचे अनुदान मिळते. रक्कम भरघोस आहे. परंतु ती यंत्रणा सुरू झाल्यानंतर खात्यात जमा होते, त्यामुळे तोवरची तजवीज अनेक कुटुंबांना कर्ज काढूनच करावी लागते. अमेरिकेतील 30 टक्क्यांची करसवलत 2025 अखेर संपली. ज्यांना आयकरच फारसा लागू होत नाही, त्यांच्या पदरात तिच्यातून जवळजवळ काहीच पडत नव्हते, आणि हा दोष मला गंभीर वाटतो.

शब्द पाळण्याच्या बाबतीत जर्मनीचे नाव आधी घ्यावे लागते. 2000 च्या कायद्याने ग्रिडला दिलेल्या विजेसाठी 20 वर्षे ठरलेला दर मिळण्याची हमी दिली, आणि उत्पन्नाचा अंदाज पक्का झाल्याने बँकांनाही कर्ज देणे सोपे गेले. मात्र त्याचा भार 2022 पर्यंत अधिभाराच्या रूपाने इतर वीजग्राहकांच्या बिलावरही पडत होता, ज्यांत स्वतःचे छत नसलेले भाडेकरूही होते. याउलट कॅलिफोर्नियाने एप्रिल 2023 पासून नव्या ग्राहकांच्या जादा विजेचा मोबदला मोठ्या प्रमाणात घटवला; मुदतीपूर्वी अर्जांची झुंबड उडाली आणि नंतर मागणी कोसळली. अशा चढउतारांत पॅनेल बसवणारे व्यवसाय टिकत नाहीत, आणि पुढील देखभालीसाठी ग्राहकाला कोणी वाली उरत नाही.

भाडेकरूंचा विचार बहुतेक योजना करीतच नाहीत. जर्मनीने बाल्कनीत लावायच्या लहान पॅनेलांवरील मूल्यवर्धित कर 2023 पासून शून्यावर आणला आणि 2024 मध्ये त्यांच्या नोंदणीचे नियम सुलभ केले. रकमेच्या दृष्टीने ही सवलत लहान असली, तरी छत नसलेल्या कुटुंबांपर्यंत पोहोचते म्हणून मी तिला वरच्या क्रमांकावर ठेवीन.