वाल-ओ-माट: पक्ष कळतो, आघाडी सरकार कळत नाही

जर्मनीत निवडणूक जवळ आली की ऑफिसात, ट्राममध्ये, घरच्या जेवणाच्या टेबलावर एकच प्रश्न असतो: वाल-ओ-माट केलंस का? ३८ विधानं, तीन बटणं आणि शेवटी कुठल्या पक्षाशी आपलं किती टक्के जुळतं याची यादी. बीपीबी ही नागरिक-शिक्षणाची सरकारी संस्था २००२ पासून हे साधन चालवते. मूळ कल्पना नेदरलँड्सच्या स्टेमवायझर या तशाच साधनाची. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत, वेबसाइट आणि मोबाइल अ‍ॅप दोन्ही आहेत. २०२१ च्या बुंडेस्टाग म्हणजे जर्मन संसदेच्या निवडणुकीत ते दोन कोटींहून जास्त वेळा वापरलं गेलं. जून २०२४ पासून नागरिकत्वासाठी ८ ऐवजी ५ वर्षांचं वास्तव्य पुरेसं झालं. त्यामुळे भारतीय पासपोर्ट सोडून जर्मन नागरिक झालेले मराठी मतदारही आता पहिल्यांदा याच्याकडे वळतात. हे परीक्षण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

पक्ष समजून घ्यायला यापेक्षा चांगलं साधन नाही. मतदानानंतर पदरात काय पडेल हे मात्र ते सांगत नाही, आणि मतदाराचा खरा अपेक्षाभंग तिथेच होतो. बर्लिनमध्ये एकट्या पक्षाचं सरकार जवळजवळ येतच नाही. छोटा पक्ष सत्तेत गेला की त्याने वाल-ओ-माटमध्ये दिलेल्या उत्तरांपैकी काही पहिल्याच महिन्यात बाजूला पडतात.

आधी वापराबद्दल. प्रत्येक विधानाला 'सहमत', 'तटस्थ' किंवा 'असहमत' म्हणायचं, नाहीतर ते सोडून पुढे जायचं. तटस्थ राहणं आणि सोडून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पक्षाचं आणि आपलं उत्तर एकच असेल तर २ गुण, एका पायरीचा फरक असेल तर १, अगदी उलट असेल तर शून्य. म्हणजे विषय कळला नाही म्हणून 'तटस्थ' दाबलं, तर बाजूने आणि विरोधात असलेल्या दोन्ही पक्षांना एकेक गुण जातो. सोडून दिलं तर तो प्रश्न हिशोबातूनच जातो. विधान समजलं नसेल तर सोडाच. विधानं जर्मन भाषेत आहेत. ब्राउझरचं भाषांतर वापरताना नकारार्थी वाक्यं मुळातून दोनदा वाचा. 'रद्द करावं' आणि 'रद्द करू नये' यात चूक झाली तर पुढचं सगळं उलटं होतं.

३८ उत्तरं झाली की जिव्हाळ्याच्या विधानांवर खूण करता येते; त्यांचे गुण दुप्पट धरले जातात. सगळ्यांवर खूण केली तर काहीच बदलत नाही, कारण टक्केवारी तीच राहते. चार-पाच विधानं पुरेत. मग तुलनेसाठी पक्ष निवडायचे. पूर्वी एका वेळी आठच पक्ष घेता येत. मे २०१९ मध्ये वोल्ट या छोट्या पक्षाने त्यावर कोलोनच्या न्यायालयात दाद मागितली, साधन काही दिवस बंद राहिलं, आणि ती मर्यादा गेली. छोट्या पक्षांसाठी हा मोठा बदल होता.

आता उणीव. २०२१ च्या वाल-ओ-माटमधलं पहिलंच विधान होतं: सर्व ऑटोबानवर, म्हणजे द्रुतगती महामार्गांवर, सरसकट वेगमर्यादा असावी. पर्यावरणवादी ग्रीन पक्ष सहमत, सोशल डेमोक्रॅटांचा एसपीडी सहमत, उदारमतवादी एफडीपी असहमत. नोव्हेंबरमध्ये याच तिघांनी आघाडीचा करार जाहीर केला, आणि त्यात सरळ लिहिलं होतं की सरसकट वेगमर्यादा येणार नाही. वाहतूक खातंही एफडीपीकडे गेलं. ज्या मतदाराने या विधानावर दुप्पट गुणांची खूण करून ग्रीन पक्षाला मत दिलं, त्याच्या हाती शून्य आलं.

हे आकड्यात बघा. ३८ पैकी एकाच विधानावर खूण असेल तर कमाल गुण ७८. समजा, ग्रीन पक्षाला त्यातले ६२ मिळाले, म्हणजे ७९.५ टक्के. वेगमर्यादेचे ४ गुण गेले तर ५८ उरतात, म्हणजे ७४.४ टक्के. सगळ्यात जवळचा मुद्दा गेला आणि निकालातली पट्टी जेमतेम पाच टक्क्यांनी हलली! माणसाची निराशा मात्र पाच टक्क्यांची नसते. टक्केवारीने पक्षाशी असलेली जवळीक मोजता येते. कुठली एक गोष्ट गेल्यावर मतदार त्या पक्षाला सोडेल, हे तिला कळत नाही.

प्रत्येक मोडलेलं वचन म्हणजे दगा नव्हे, हेही त्याच यादीत दिसतं. मतदानाचं वय १६ करावं, याला तिन्ही पक्ष सहमत होते. युरोपीय निवडणुकीसाठी त्यांनी ते केलं, आणि २०२४ मध्ये १६ वर्षांच्या मुलांनी मतदान केलं. बुंडेस्टागसाठी मात्र राज्यघटना बदलावी लागते, त्याला दोन-तृतीयांश मतं लागतात, आणि ती आघाडीकडे नव्हती. साधं बहुमत पुरेल की दोन-तृतीयांश लागेल, हे वाल-ओ-माट विधानाजवळ सांगत नाही. एक ओळ पुरली असती.

तेव्हा साधन असं वापरा. निकालात वर आलेला आपला पक्ष घ्या आणि तो ज्यांच्याबरोबर सरकारात जाऊ शकतो असे एक-दोन पक्ष शेजारी ठेवा. टक्के विसरा, विधानवार तुलना उघडा. आपला पक्ष आणि संभाव्य भागीदार जिथे थेट उलट आहेत ती विधानं कागदावर लिहून काढा. त्यातल्या ज्यांवर तुमची दुप्पट गुणांची खूण आहे, त्यांच्याबद्दल मत देण्याआधीच मनाची तयारी करा. प्रत्येक उत्तराखाली पक्षाने स्वतः लिहिलेलं कारण असतं, तेही वाचा. तिथे ठाम भाषा आहे की 'टप्प्याटप्प्याने', 'परिस्थिती पाहून' अशी वाट ठेवलेली आहे, यावरून पुढे काय सोडलं जाईल याचा बराच अंदाज येतो.

सरकार बनल्यावर तीच यादी घेऊन आघाडीचा करार उघडा. २०२१ चा करार १७७ पानांचा होता. महाराष्ट्रात २०१९ मध्ये महाविकास आघाडीचा किमान समान कार्यक्रम मोजक्या पानांत आटोपला होता. त्या मानाने इथे तपासायला भरपूर आहे. क्रियापदं बघा: 'करू' म्हणजे ठरलं, 'करायचा मानस आहे' म्हणजे पैसे किंवा एकमत बाकी आहे, 'तपासून पाहू' म्हणजे बहुधा बारगळलं. शेवटी कामकाजाची कलमं असतात, ती कुणी वाचत नाही आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. २०२१ च्या करारात लिहिलं होतं की आघाडीतले पक्ष सभागृहात एकत्रच मतदान करतील, करारात नसलेल्या विषयांवरही. बाहेरच्या पक्षांशी वेगळं बहुमत जुळवता येणार नाही. म्हणून वेगमर्यादेच्या बाजूचे खासदार सभागृहात कितीही असले तरी ग्रीन पक्ष त्यांच्याबरोबर हात वर करू शकत नव्हता. मतदाराला हे आधी माहीत असतं, तर 'आमचे गप्प का बसले?' या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं असतं.

छोट्या पक्षाला याची किंमत किती पडते हे एफडीपीकडे बघून कळतं. २००९ मध्ये १४.६ टक्के मतं, करकपातीचं मोठं आश्वासन, आणि सत्तेत आल्यावर लोकांच्या लक्षात राहिली ती हॉटेल मुक्कामावरच्या व्हॅटची १९ वरून ७ टक्क्यांवर आलेली सवलत. २०१३ मध्ये ४.८ टक्के, संसदेबाहेर. २०२१ मध्ये ११.५ टक्के, पुन्हा सत्तेत. २०२३ चा घर तापवण्याच्या यंत्रणांचा कायदा त्यांच्या मतदाराला मुळीच रुचला नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये पक्षाने सभासदांना विचारलं तेव्हा आघाडीत राहावं म्हणणारे ५२ टक्केच निघाले. ६ नोव्हेंबर २०२४ ला चॅन्सलर शोल्झ यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढलं, आघाडी मोडली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ४.३ टक्के. संसदेत जायला लागणारी पाच टक्क्यांची अट पुन्हा हुकली.

बीपीबीने दोन गोष्टी कराव्यात असं मनापासून वाटतं. एक, दोन-तीन पक्ष निवडले की त्यांच्यातली परस्परविरोधी विधानं वेगळी काढून देणारं बटण. दोन, चार वर्षांनी त्याच ३८ विधानांपुढे काय झालं याची नोंद. जुनी वाल-ओ-माट संस्थेच्या संग्रहात अजून उघडतात आणि चालतात. तोवर २०२१ चं उघडा, पहिल्या विधानावर खूण करा, आणि पुढच्या ३७ विधानांचं काय झालं ते स्वतः शोधत जा. एका संध्याकाळचं काम आहे.