सेकंडहॅन्ड बॉल लॉक केग: स्टील झकास, रबर फेकून द्या

ऑनलाइन जुना बॉल लॉक केग मागवला, म्हणजे प्रेशर झेलणारं स्टीलचं उभं भांडं, १९ लिटरचं. भांडं मूळचं कोल्ड्रिंकच्या सिरपचं, नंतर घरी बिअर काढणाऱ्या होमब्रूवाल्यांनी उचलून धरलं. आपल्याकडे घरी बिअर काढायची म्हटली की दारूबंदी कायदा आडवा येतो म्हणून मी यात आल्याचा सोडा करतो, पण साफसफाई बिअरइतकीच लागते. जळगावात खोकं उतरलं तेव्हा शेजारचे काका लांबूनच, "हाई काय शे भो?" त्यांना सिलिंडरच वाटला.

स्टील एक नंबर. आतून हात फिरवला, जोडाला कुठे खरखर नाही. पण विक्रेत्याने "सॅनिटाइज्ड, रेडी टू यूज" लिहिलं होतं ते साफ खोटं. वरचा वॉल्व ओढून प्रेशर सोडलं (झाकणाला हात लावायच्या आधी हे करायचंच), झाकण काढलं तर त्याच्या रबरी रिंगला जुन्या सिरपचा भपकारा, आणि २२ नंबरच्या बॉक्स पान्याने लिक्विडची पोस्ट (पाइप जोडायचं वरचं तोंड; दुसरी पोस्ट गॅसची) खोलली तर डिप ट्यूबच्या, म्हणजे तिच्याखाली आत जाणाऱ्या नळीच्या, तोंडाशी काळपट चिकट थर, नखाने खरवडला तर नखात बसला. रबर वास सोडत नाही हो, कितीही उकळा. एक झाकणाची, दोन पोस्टच्या, दोन ट्यूबच्या अशा पाचही रिंगा बदला, फूड ग्रेड सिलिकॉनच्या.

घाण असलेल्या भांड्यावर सॅनिटायझर ओतून उपयोग शून्य. आधी सोडियम परकार्बोनेट (सफाईची पावडर) गरम पाण्यात अर्धा तास, लांब ब्रशने ट्यूब घासायची, खळखळून धुवायचं. हे भिजत असताना झाकण घट्ट लावू नका, त्यातून ऑक्सिजन सुटतो आणि आत प्रेशर चढतं. लादीचं ब्लीच तर अजिबात नको, क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

मग स्टार सॅन हे आम्लाचं सॅनिटायझर, १९ लिटर पाण्याला ३० मिली, एक-दोन मिनिटं पुरे, फेस राहिला तरी पुन्हा धुवायचं नाही. आमच्या बोअरच्या जड पाण्यात ते लगेच दुधाळ होतं आणि मग पीएच ३ च्या खाली आहे की नाही हे पट्टीने बघत बसावं लागतं, त्यापेक्षा २० लिटरचा आरओ जार आणा, एका केगला बरोबर पुरतो. ते स्टार सॅनचं पाणी सीओटू गॅसने नळातून बाहेर ढकललं की ट्यूब पण सॅनिटाइज होते आणि आत हवाही राहत नाही.

उन्हाळ्यात मात्र फ्रिज लागणारच. ४ डिग्रीला १२ पीएसआय (गॅसच्या प्रेशरचं माप) मध्ये जो फसफसाट येतो त्याला ३० डिग्रीला चाळीसच्या आसपास लागतात, आणि आमच्याकडे मे महिन्यात ३० डिग्री म्हणजे पहाटेचं तापमान.

केगला चार स्टार. विक्रेत्याला एक, तोही पॅकिंगसाठी, रिंगांचे पैसे मागितल्यापासून साहेब फोन उचलत नाहीत.