इव्हेंट व्ह्यूअर: सगळं लिहून ठेवतो, विचारल्याशिवाय बोलत नाही

विंडोजसोबत आपसूक येणाऱ्या प्रोग्रॅमचं परीक्षण सहसा कुणी लिहीत नाही. कॉम्प्युटरवर काय काय घडलं याच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर तर विंडोज एनटीच्या पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९३ पासून आहे, आणि तरी ऑफिसात बहुतेकांनी तो कधी उघडलेला नसतो. माझं मूळ काम हिशेबाचं. ‘तुला जरा कळतं ना त्यातलं’ एवढ्या एका वाक्यावर ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडले, आणि तेव्हापासून या प्रोग्रॅमशी माझा रोजचा संबंध आहे. मत आधीच सांगून टाकते: नोंदी ठेवण्यात याचा हात कुणी धरणार नाही. त्या दाखवायची वेळ आली की मात्र हा अगदीच कच्चा.

पहिल्यांदा उघडणारा माणूस घाबरतो तो बिघाडाच्या नोंदींपुढच्या लाल खुणांना. धडधाकट कॉम्प्युटरवरही त्या असतातच. ‘डिस्ट्रिब्युटेड कॉम’ या विंडोजच्या आतल्या भागाची १००१६ क्रमांकाची नोंद तर सतत डोकं वर काढते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करा असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असे फोन करणारे भामटे नेमका हाच प्रोग्रॅम उघडायला लावतात. लाल खुणा दिसल्या की समोरचा गारठतो, आणि पुढचं काम सोपं होतं. म्हणून आमच्याकडे नवीन माणूस आला की मी ही खिडकी त्याला एकदा दाखवून ठेवते.

याची खरी किंमत कळते ती ‘कॉम्प्युटर कुणी बंद केला?’ या प्रश्नाला. ऑफिसात याचं उत्तर ‘मी नाही’ हेच असतं. सिस्टम लॉगमध्ये, म्हणजे खुद्द विंडोजच्या नोंदवहीत, १०७४ क्रमांकाची नोंद असेल, तर कोणत्या प्रोग्रॅमने, कोणाच्या नावाने आणि काय कारण देऊन कॉम्प्युटर बंद किंवा रीस्टार्ट केला हे तिथे लिहिलेलं असतं. ती नसून ६००८ आणि कर्नल-पॉवरची ४१ या दोन नोंदी असतील, तर कॉम्प्युटर नीट बंद झालाच नव्हता. इथे एक गोम आहे. ४१ ची वेळ ही पुन्हा सुरू झाल्यानंतरची असते. बंद केव्हा पडला हे ६००८ च्या मजकुरात वाचायचं. मग ४१ उघडून ‘डिटेल्स’मध्ये जायचं. ‘बगचेककोड’ शून्य नसेल तर विंडोज कोसळून निळा स्क्रीन येऊन गेला. ‘पॉवरबटनटाइमस्टॅम्प’ शून्य नसेल तर कुणीतरी बटण दाबून धरलं. दोन्ही शून्य असतील तर संशय विजेवर.

आमचा बिलिंगचा कॉम्प्युटर संध्याकाळच्या सुमारास पटकन बंद पडायचा, आणि त्यावर बसणाऱ्या मुलीला बोलणी बसायची. दोन्ही आकडे शून्य. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस या फांदीखाली प्रिंटसर्व्हिसचा ‘ऑपरेशनल’ लॉग असतो; तो मुळात बंद असतो, मी सुरू करून ठेवला होता. त्यात ३०७ क्रमांकाच्या नोंदीत कोणी, कोणत्या प्रिंटरवर, किती पानं छापली ते येतं. ६००८ च्या वेळा आणि ३०७ च्या वेळा शेजारी ठेवल्या तर दर वेळी छपाई नुकतीच सुरू झालेली. लेझर प्रिंटर त्याच यूपीएसवर लावलेला होता. तो गरम होताना ओढतो तेवढा भार त्या यूपीएसला पेलत नव्हता. प्रिंटरची पिन भिंतीतल्या सॉकेटला गेली आणि प्रकरण संपलं. त्या मुलीची कुणी माफी मागितली नाही, ती गोष्ट वेगळी.

सिक्युरिटी लॉगही मोलाचा, पण तो बघायला ॲडमिनचे अधिकार लागतात. ४६२४ म्हणजे लॉगिन झालं, ४६२५ म्हणजे फसलं. फसलेल्या नोंदीत ‘लॉगऑन टाइप’ बघायचाच: २ म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसून, ३ म्हणजे नेटवर्कवरून. आपल्याकडे नसलेल्या नावांनी रात्रभर टाइप ३ च्या नोंदी दिसल्या, तर पासवर्ड विसरणाऱ्यांना बोल न लावता बाहेरून कोणतं दार उघडं राहिलंय ते शोधावं.

आता तक्रारी, आणि त्या बऱ्याच आहेत. शोध हा सर्वांत वाईट भाग. फिल्टरमध्ये क्रमांक, पातळी, सोर्स, युजर, वेळ एवढं देता येतं; पण ‘मजकुरात अमुक फाइलचं नाव आहे त्या नोंदी दाखव’ म्हटलं तर नाही. एक्सएमएलच्या टॅबमध्ये जाऊन हाताने क्वेरी, म्हणजे शोधाची आज्ञा, लिहिली तरी तिथे चालणारी एक्सपाथ ही शोधभाषा अर्धमुर्धी आहे, शब्दाचा तुकडा शोधायची सोयच त्यात नाही. राहतं ते ‘फाइंड’, जे एकेक नोंद करत पुढे सरकतं. मी आता पॉवरशेल या कमांड लिहून चालवायच्या खिडकीतली ‘गेट-विनइव्हेंट’ ही कमांड चालवते, निकाल सीएसव्हीत काढते आणि एक्सेलमध्ये गाळते. तिथे मी घरच्या मैदानावर असते. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आणलेली लॉग फाइल उघडली तर कधीकधी वर्णनाच्या जागी ‘वर्णन सापडत नाही’ एवढंच येतं, कारण ती नोंद करणारा प्रोग्रॅम आपल्याकडे बसवलेला नसतो. सेव्ह करताना डिस्प्ले इन्फर्मेशनही सोबत घे असं सांगितलं तर हे टळतं.

लॉगचा आकार मात्र कॉम्प्युटर बसवल्या दिवशीच बघून घ्या. मुख्य लॉग मूळ सेटिंगमध्ये २० एमबीचे असतात आणि भरले की जुन्या नोंदींवर नव्या लिहितात. सिस्टमला ते बरेच दिवस पुरतं. वर्दळीच्या कॉम्प्युटरवरच्या सिक्युरिटीला नाही, आणि महिन्याभरापूर्वीचं काही विचारायला जावं तर ते पुसलं गेलेलं. प्रॉपर्टीजमध्ये आकार वाढवता येतो. ‘भरला की आर्काइव्ह कर’ हाही पर्याय आहे, पण त्या जुन्या फाइली हलवायचं काम कुणाच्या तरी नावावर लावा, नाहीतर डिस्क भरते. दुरुस्तीला येणारे काही जण ‘कॉम्प्युटर फास्ट होईल’ म्हणून क्लिअर लॉग दाबतात. त्याने वेग तसूभरही वाढत नाही; पुरावा तेवढा जातो. गंमत म्हणजे पुसणाऱ्याचं नावही नोंदलं जातं: सिक्युरिटी पुसला तर ११०२, सिस्टम किंवा ॲप्लिकेशन पुसला तर १०४.

ज्यांना हे सगळं जड वाटतं त्यांनी विंडोजमधलाच रिलायबिलिटी मॉनिटर उघडावा. दिवसवार आलेख, १ ते १० मध्ये गुण, बिघाडाच्या दिवशी लाल फुली. साहेबांना दाखवायला मी तोच वापरते.

इव्हेंट व्ह्यूअरमधली कस्टम व्ह्यू, म्हणजे निवडक नोंदींची आपली यादी, ही सोय मात्र मनापासून आवडते. वर सांगितलेले बंद पडण्याचे क्रमांक एकत्र करून एक व्ह्यू बनवला, तो एक्सपोर्ट केला आणि बाकीच्या कॉम्प्युटरांवर इम्पोर्ट करून टाकला. नोंद येताच काहीतरी घडावं म्हणून ‘अटॅच टास्क’ आहे, पण त्यातले ईमेल पाठवणं आणि स्क्रीनवर निरोप दाखवणं हे पर्याय कालबाह्य म्हणून शिक्का मारलेले आहेत. उरतो तो फक्त प्रोग्रॅम चालवण्याचा. म्हणून डिस्कवरच्या खराब ब्लॉकची ७ क्रमांकाची नोंद आली की एक छोटी स्क्रिप्ट चालते आणि सामाईक फोल्डरात त्या कॉम्प्युटरच्या नावाची फाइल टाकते. ती दिसली की आधी बॅकअप, मग नवी डिस्क.