वायरलेसच्या प्रॅक्टिकलला ईएसपी३२ आणि मॉनिटर मोड: सत्रभर वापरल्यानंतर

आमच्या पुण्यातल्या कॉलेजात टीईच्या (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या) वायरलेस नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलला वर्षानुवर्षं फक्त सिम्युलेटर चालायचा. मुलं ग्राफ काढून जर्नलला लावायची आणि ओरलला आरएसएसआयची (मिळालेल्या सिग्नलच्या ताकदीची) व्याख्या घडाघडा म्हणायची. यंदा दोघांत एक ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर) आणि प्रत्येक टेबलाला मॉनिटर मोडचा, म्हणजे हवेतल्या इतरांच्याही वायफाय फ्रेम्स पकडू शकणारा, यूएसबी अडॅप्टर दिला. आता नुसत्या सिम्युलेटरवर परत जायची माझी तयारी नाही.

बोर्ड तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पाचशेच्या आत मिळतो. अडॅप्टर मात्र चिपसेट पाहूनच घ्या. मीडियाटेक एमटी७६१२यू असेल तर ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच असतो. आम्ही आधी घेतलेल्या स्वस्त अडॅप्टरचा ड्रायव्हर बाहेरून बसवावा लागे आणि कर्नल अपडेट झाला की तो हमखास रुसायचा.

सगळ्यात रंगलेलं प्रॅक्टिकल डब्ल्यूपीए२चं, म्हणजे वायफायच्या पासवर्ड-सुरक्षेचं. लॅबचाच वेगळा राउटर, चॅनल ६ वर, पासवर्ड सगळ्यांना ठाऊक. मुलांनी वायरशार्कमध्ये (पकडलेल्या फ्रेम्स उलगडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पासवर्ड भरला, तरी डेटा फ्रेम्स अगम्यच. "सर, पासवर्ड बरोबर आहे, मग उघडत का नाही?" मी फोनचं वायफाय बंद करून परत चालू करायला सांगितलं. ईएपीओएलच्या चार फ्रेम्स, म्हणजे जोडणी होताना फोन आणि राउटरमध्ये होणारा हँडशेक, आल्या आणि त्यापुढचं ट्रॅफिक वाचता येऊ लागलं. हँडशेक पकडल्याशिवाय वायरशार्कला त्या जोडणीची किल्ली काढता येत नाही, हे त्या बॅचला आता वेगळं शिकवावं लागणार नाही. त्यानंतरच्या डब्ल्यूपीए३ला ही युक्ती चालत नाही. तिथून पुढची चर्चा आपोआप सुरू होते. दुसऱ्याच्या नेटवर्कला हात लावायचा नाही, हा नियम मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो आणि त्यात सूट देत नाही.

बीकनचं (राउटर आपली ओळख ठरावीक वेळाने पाठवतो त्या फ्रेमचं) प्रॅक्टिकल सोपं आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये १०० असतं, मग दोन बीकनमधलं अंतर १०० नव्हे, १०२.४ मिलिसेकंद का येतं, हे मुलं स्वतःहून विचारतात. ते १०० टाइम युनिट असतात आणि एक टाइम युनिट १०२४ मायक्रोसेकंदांचं असतं, हे उत्तर मग पक्कं बसतं.

हिडन नोड, म्हणजे एकमेकांना ऐकू न येणारी दोन उपकरणं एकाच वेळी बोलून टक्कर होणं, जमवायला वेळ लागला. कॉरिडॉरच्या दोन टोकांचे बोर्ड एकमेकांना ऐकतच होते. ट्रान्समिट पॉवर २ डीबीएमपर्यंत उतरवली, जिन्याची दगडी भिंत मध्ये घेतली, तेव्हा मधल्या लॅपटॉपवर रिट्राय बिट लागलेल्या (पुन्हा पाठवलेल्या) फ्रेम्स भराभर वाढल्या. आरटीएसचा (पाठवण्याआधी परवानगी मागणाऱ्या फ्रेमचा) फरक दाखवायला लिनक्सचे लॅपटॉपच बरे, तिथे किती मोठ्या फ्रेमपासून आरटीएस वापरायचा ही मर्यादा एका कमांडने बदलते.

उणिवाही आहेत. ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झचे प्रयोग त्यावर होत नाहीत. शेजारच्या लॅबमधलं वायफाय सुरू असलं की आकडे दर बॅचला बदलतात. म्हणून मी "अपेक्षित उत्तर" तपासणं सोडलं. मुलाने फरकाचं कारण काय दिलंय, त्यावर टर्मवर्कचे गुण देतो. आणि बोर्ड सारखा रीसेट होत असेल तर आधी यूएसबी केबल बदला. वायफाय सुरू होताना करंट एकदम वाढतो, बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि ब्राउनआउट येतो, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याने बोर्ड स्वतःच रीसेट होतो.

पुढच्या सत्रासाठी जाड केबली आणि ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) चालणारे दोन ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे) राउटर मागितले आहेत.