बीएसएला बुलेटची चाकं, आणि जुन्या हबचा पत्ता

बीएसए या जुन्या ब्रिटिश मोटारसायकलला बुलेटची चाकं बसतात, हे खरं आहे. कोकणात जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या मालकांना सध्या जी टोपी घातली जाते, ती याच खऱ्या गोष्टीच्या आडून. थाप खोटी असती तर चार जाणत्यांना विचारून कळली असती. इथे चार जण विचारा, चौघेही सांगतील, "हो, बसतात की!" आणि ते बरोबरच असतात.

गाडी बीएसए बी-३१. १९४८ ची, ३४८ सीसी, पुढे टेलिस्कोपिक फोर्क (चाक धरणाऱ्या, आत-बाहेर सरकणाऱ्या दोन नळ्या), मागे स्प्रिंग नाही. काकांनी मुंबईला गोदीत नोकरी करताना घेतली आणि रिटायर झाल्यावर ट्रकमध्ये घालून शिरोड्याला आणली. शिरोडा म्हणजे मिठागरांचं गाव, १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला ते. इथल्या हवेत लोखंड कसं राहतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. इंजिनात तेल असतं म्हणून ते वाचतं. रिमचं तसं नाही. वरून क्रोमला नुसते ठिपके दिसतात, पण टायर उतरवला की आत ट्यूबच्या पट्टीखाली गंजाचे पापुद्रे निघतात. काका गेल्यावर गाडी माझ्याकडे आली तेव्हा आऱ्यांचे निपल (आरे रिमला आवळणारे छोटे नट) इतके धरले होते की चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला गेलं तर आरा तुटे, निपल फिरत नसे.

अशा वेळी योग्य काम कोणतं, ते आधी सांगतो. हब, म्हणजे आरे जिथून निघतात तो चाकाचा मधला भाग, ठेवायचा, रिम आणि आरे नवे घालायचे. बी-३१ ला पुढे-मागे १९ इंची रिम असते आणि त्या मापाची रिम आपल्याकडे मिळते. अडचण येते ती मागच्या आऱ्यांची. त्या काळच्या बीएसएच्या मागच्या हबला क्रिंकल हब म्हणतात. त्याची कड नागमोडी असते आणि आरे डोक्याशी न वाकता सरळ खिळ्यासारखे त्यात बसतात. बुलेटच्या आऱ्याची मान वाकडी असते. म्हणजे सरळ आरे मापानं करून घ्यावे लागतात, त्याला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि चाक विणणारा माणूसही जाणता लागतो.

नेमक्या याच अडचणीवर औषध घेऊन तो गृहस्थ आला. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. जुन्या गाड्या 'उभ्या करून' देतो म्हणायचा. बोलणं गोड, 'दादा' शिवाय वाक्य सुरू नाही. गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुढचं चाक काढायला बसला. बीएसएच्या पुढच्या स्पिंडलला (चाकाच्या आसाला) उलटे आटे असतात; माहीत नसलेला माणूस नेहमीच्या सवयीनं फिरवतो आणि सोडवायच्या ऐवजी आवळत बसतो. यानं फोर्कचा चिमटा सैल केला, स्पिंडलच्या भोकात सळई घातली आणि पहिल्याच झटक्यात बरोबर दिशेनं सोडवला. हे मुद्दाम लिहितोय. फसवणारा अडाणी असतो, कामात चाचपडतो, असं समजून बसू नका. याला कोणता भाग काय मोलाचा आहे हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं, आणि सगळा धंदा त्याच कळण्यावर आहे.

म्हणाला, "दादा, सरळ आरे मिळत नाहीत. सहा महिने वाट बघाल. त्यापेक्षा मी तुम्हाला बुलेटची जोडी घालून देतो. पुढे सात इंची ब्रेक, दोन्ही शू लीडिंग. तुमच्या ब्रेकच्या दुप्पट पकडेल."

यातलं ब्रेकचं बोलणं अगदी हवेतलं नव्हतं. शू म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे दोन तुकडे. फिरता ड्रम ज्याला आपल्याकडे ओढून आणखी घट्ट धरायला लावतो तो लीडिंग, ज्याला दूर ढकलतो तो ट्रेलिंग. बुलेटचा तो ड्रम ब्रेक नीट बसवला तर जुन्या एका लीडिंग शूच्या ब्रेकपेक्षा सरस पडतो, त्यामुळे असा बदल करणारे लोक आहेत आणि त्यात काही पाप नाही. मी म्हटलं, बुलेटची चाकं सध्यापुरती घाल, पण माझे हब सांभाळून ठेव, त्यांना नव्या रिम घालून दे. "अर्थात! हब कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवतो, सँडब्लास्ट करून, निकेल करून देतो. मग व्हिंटेज नंबर काढू," असं तो म्हणाला. ही आणखी एक गोळी. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राचे नियम आले. त्यात 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण गाडी मूळ रूपात जपलेली असावी हा त्या नियमांचा गाभा आहे. एकीकडे व्हिंटेज नंबराचं गाजर दाखवायचं आणि दुसरीकडे गाडीचे मूळ भाग पिकअपमध्ये घालून न्यायचे, असा हा व्यवहार.

एकूण ४५,००० ठरले. निम्मे आधी जीपेवर गेले. त्या नोंदीत 'व्हील वर्क' एवढेच दोन शब्द आहेत आणि आज माझ्याकडे लेखी पुरावा म्हणावा असा तेवढाच.

गाडी परत आली ती दिसायला देखणी होती. चकचकीत रिम, नवे टायर, काळा रंग. पुढचा ब्रेक मात्र जेमतेम धरत होता. विचारलं तर उत्तर तयार, "शू नवीन आहेत दादा, बसायला थोडं चालवायला लागेल." हे उत्तर प्रत्येक गॅरेजात मिळतं आणि अनेकदा खरंही असतं, त्यामुळे त्यावर भांडता येत नाही.

पावसाळा सरल्यावर आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरत होतो. घाटात एका वळणाआधी पुढचा ब्रेक दाबला आणि खाली 'खट्' असा आवाज झाला. हँडल एकदम हातातून ओढल्यासारखं झालं, चाक घसरत जागीच अडकलं आणि गाडी कठड्याला टेकून आडवी झाली. वेग कमी होता, खरचटण्यावर निभावलं. उठून बघतो तर ब्रेक प्लेट, म्हणजे शू जिच्यावर बसवलेले असतात ती तबकडी, चाकाबरोबर अर्धी फिरलेली आणि केबल तिच्याभोवती ताणून गुंडाळलेली.

यामागचं कारण प्रत्येकानं समजून घ्यावं असं आहे. ड्रम ब्रेक दाबला की शू ड्रमला धरतात आणि ड्रम त्यांना आपल्याबरोबर फिरवू बघतो. ते सगळं बळ ब्रेक प्लेटवर येतं. म्हणून प्लेट फोर्कला पक्की अडकलेली लागते. बीएसएच्या फोर्कवर बीएसएच्या प्लेटसाठी जागा असते. बुलेटच्या प्लेटची खाच बुलेटच्या फोर्कसाठी असते. एकाची प्लेट दुसऱ्याच्या फोर्कवर घालायची तर मधे मजबूत पट्टी बनवून दोन्हीकडे बोल्टनं आवळावी लागते. माझ्या गाडीवर पातळ पत्र्याची पट्टी होती आणि ती फोर्कच्या नळीला होज क्लिपनं बांधली होती. पाण्याच्या पाइपला लावतात ती क्लिप.

दुसरा प्रकार त्याहून हुशारीचा. ती पट्टी सोयीच्या बाजूला यावी म्हणून त्यानं चाकच उलटं बसवलं होतं, म्हणजे ड्रम मूळच्या बाजूला न येता समोरच्या बाजूला. बघणाऱ्याला काहीच कळत नाही. पण तसं केलं की प्लेटच्या हिशेबानं चाक उलट्या दिशेनं फिरतं, आणि जे दोन्ही शू लीडिंग म्हणून मिरवत असतात ते दोन्ही ट्रेलिंग होतात. ड्रम त्यांना आपल्याकडे ओढून घेण्याऐवजी दूर ढकलतो. ब्रेक 'बसत' का नव्हता, ते तेव्हा उमगलं. तो वर्षभर चालवूनही बसला नसता.

मागच्या चाकात बुशच्या (अंतर राखणाऱ्या नळीच्या) जागी वॉशरांची चळत होती. चेन इंजिनकडच्या दातांशी सरळ रेषेत नव्हती, स्प्रॉकेटची (चेनच्या दातेरी चक्राची) एक बाजू घासून चकाकत होती. हे बघायला कुणी मिस्त्री लागत नाही; लांब सरळ पट्टी नाहीतर ताणलेली दोरी धरली की दिसतं.

गाडी सावंतवाडीला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. हात थरथरतात, पण नजर शाबूत. त्यांनी सगळं पाहिलं आणि विचारलं, "झिला, तुझे जुने हब खंय?" म्हटलं, कोल्हापूरला निकेल करायला गेलेत. ते हसले नाहीत, बोलले नाहीत, नुसते चहा सांगायला उठले.

मग मी फोन लावायला सुरुवात केली. आधी, "काम चालू आहे." पुढे, "निकेलवाला आजारी आहे." त्यानंतर हब क्रॅक निघाल्याचं कळलं आणि पुरावा म्हणून व्हॉट्सअॅपवर फोटो आला. फोटोतल्या हबची कड सपाट होती आणि भोकं वाकड्या मानेच्या आऱ्यांची. कुठल्या तरी भलत्याच गाडीचा हब. ते दाखवून दिल्यावर, "मग मुलांनी भंगारात दिला असेल." आणि शेवटी, जे ऐकून माझं डोकं फिरलं, "तुम्हीच तर म्हणालात बुलेटची चाकं घाल, जुनी कशाला हवीत?"

जुनी चाकं भंगारात जात नाहीत. ज्याला आपली बी-३१ कारखान्यातून निघाली तशी उभी करायची असते, तो क्रिंकल हबसाठी बुलेटच्या नव्या जोडीपेक्षा कितीतरी जास्त मोजतो. त्यामुळे चाकं बदलून देण्याचे आपण दिलेले पैसे हा या माणसाचा वरचा नफा आहे. खरा माल त्यानं आपल्याच अंगणातून उचललेला असतो. ब्रेक नीट बसवण्यात त्याला रस का नव्हता, हेही यातूनच कळतं. त्याचं काम चाकं काढून नेल्यावर संपलं होतं, पुढचं सगळं नुसतं वेळ काढणं.

पोलिसांत गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो ओळखीचा. आरसीवर इंजिनचा आणि चासीचा नंबर असतो, चाकाला नंबर नसतो. हे हब माझेच, हे कसं सिद्ध करणार? काकांच्या वेळचा एक फोटो सापडला, गाडी अंगणात स्टँडवर आणि मागच्या हबची नागमोडी कड स्पष्ट. तोच आज सगळ्यात उपयोगी पडतोय. वकिलांच्या सांगण्यावरून दुरुस्तीसाठी विश्वासानं दिलेली वस्तू परस्पर विकल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ आणि फसवणुकीच्या कलम ३१८ खाली तक्रार दिली आहे. शिवाय ग्राहक आयोग आहेच. सिंधुदुर्गवाल्यांना ओरोसला जावं लागतं. पाच लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे फी नाही, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत गेलं पाहिजे. 'आज देतो, उद्या देतो' करणाऱ्याला हे दोन वर्षांचं गणित ठाऊक असतं.

गाडी सध्या बुलेटच्याच चाकांवर आहे. कुडाळच्या एमआयडीसीत एका लेथवाल्यानं पुढचं चाक बरोबर बाजूला आणलं, वॉशर फेकून देऊन मापाचे बुश काढले, ब्रेक प्लेट धरणारा जाड पट्टीचा अँकर बोल्टनं बसवला. आता ब्रेक खरोखरच चांगला लागतो, हे लिहिताना जिवावर येतं पण खोटं कशाला लिहा! त्याच्या कामाचे पैसे पहिल्या माणसाला दिले त्याच्या पाव भागसुद्धा झाले नाहीत.

मधे देवगडच्या एका बागायतदाराचा फोन आला. त्यांच्याकडे मॅचलेस, म्हणजे अशीच जुनी ब्रिटिश मोटारसायकल, आहे, आणि तोच गोड आवाज, तीच बुलेटची जोडी, तोच व्हिंटेज नंबर. मी त्यांना सांगितलं, दोन्ही हबवर आतल्या बाजूला पंचनं खूण ठोका, खुणेसकट फोटो काढा, आणि 'दोन जुनी चाकं हबसह दुरुस्तीस नेली, परत देणार' एवढं लिहून त्याची सही घ्या. त्यांनी सगळं तयार ठेवलं. गृहस्थ पिकअप घेऊन आला, नारळपाणी प्याला, खुणा बघितल्या, कागद वाचला, आणि आज गाडीत जागा नाही, उद्या येतो म्हणून रिकामी पिकअप घेऊन गेला. ही गोष्ट आंब्याला मोहोर आला तेव्हाची. आता पेट्या भरून मुंबईला गेल्यासुद्धा.