जुन्या मुलाखतींचे अर्काइव्ह: कुठे रात्र घालवायची आणि कुठून पळ काढायचा

आधीच सांगते, मी फॅन आहे, समीक्षक वगैरे नाही, त्यामुळे हा रिव्ह्यू फॅनच्या नजरेनेच होणार. हल्ली गाणी कमी आणि गाणाऱ्यांच्या जुन्या मुलाखती जास्त ऐकते, आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळली की सगळे अर्काइव्ह सारखे नसतात. काही ठिकाणी माणूस भेटतो, काही ठिकाणी नुसती त्याची रील भेटते. माझा निकष एकच आहे: प्रश्न पूर्ण ऐकू येतो का? उत्तर काय, सगळेच दाखवतात. पण कुणी विचारलं, काय विचारलं, कुठल्या सुरात विचारलं आणि उत्तर यायला किती वेळ लागला हे कापलं की जे उरतं ते पोस्टरवर छापायचं वाक्य. असो.

पहिला नंबर डिक कॅव्हेट शोच्या चॅनलचा. साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या सुरुवातीला अमेरिकेत एबीसीवर हा टॉक शो चालायचा, आणि रॉकवाल्यांना खुर्चीत बसवून धड बोलू देणारे होस्ट तेव्हा कमीच होते. तुम्ही एक गोष्ट करा, सप्टेंबर १९६९ मधला गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सचा भाग बघा. वुडस्टॉक हा प्रचंड मोठा म्युझिक फेस्टिव्हल नुकताच झालाय, तिथे त्याने गिटारवर अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलंय आणि त्यावरून लोक भडकलेत. सगळीकडे फिरणाऱ्या क्लिपमध्ये फक्त त्याचं उत्तर असतं, की मला तर ते सुंदर वाटलं. छानच आहे, पण पूर्ण तुकडा बघितला की कळतं कॅव्हेट मधेच प्रेक्षकांना आठवण करून देतो की हा माणूस अमेरिकन सैन्याच्या १०१ एअरबोर्न तुकडीत सैनिक होता, म्हणजे रागाची पत्रं लिहायला बसाल तेव्हा हे पण लक्षात ठेवा. क्लिपमध्ये हेंड्रिक्स एकटाच लढताना दिसतो आणि पूर्ण बघितलं तर होस्ट त्याच्या बाजूने उभा राहिलेला दिसतो, आणि हेंड्रिक्स स्वतः मात्र अजिबात लढत वगैरे नाहीये, लाजून हळू आवाजात बोलतोय. मला तो लाजणारा हेंड्रिक्स बघायचा होता हे मला बघितल्यावर कळलं.

त्याच्या आधीचा, १९ ऑगस्ट १९६९ चा एपिसोड तर फॅन लोकांची खाणच आहे. वुडस्टॉक संपल्या संपल्या केलेलं शूटिंग. गायिका जोनी मिचेल तिथे बसलीये आणि ती वुडस्टॉकला गेलीच नव्हती, कारण तिकडे जाऊन या शोला वेळेत पोचता आलं नाही तर काय या भीतीने तिला जाऊ दिलं नव्हतं. आणि शेजारी क्रॉस्बी आणि स्टिल्स हे दोघे गायक, जे गेले आणि परतही आले, स्टिल्स तर पँटला लागलेला चिखल दाखवतोय! बिचारी. पुढे त्याच फेस्टिव्हलवरचं गाजलेलं गाणं तिनेच लिहिलं, न जाता. हे सगळं एखाद्या लेखात वाचलं असतं तर "अच्छा" म्हणून पुढे गेले असते, पण तिचा चेहरा आणि तो चिखल एकाच फ्रेममध्ये बघितला की वेगळंच होतं.

रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनच्या भागाबद्दल मात्र माझं बाकीच्या फॅन्सशी भांडण आहे. २५ जून १९७० च्या शोमध्ये ती सांगते की दहा वर्षांनी शाळेच्या रियुनियनला चाललीये, जिथल्या पोरांनी तिची टिंगल करून तिला वर्गातून काय, गावातून काय, अख्ख्या राज्यातून पळवून लावलं होतं तिथेच. ४ ऑक्टोबरला ती गेली, २७ व्या वर्षी. आता हा भाग बघताना प्रत्येक जण तिच्या डोळ्यात मरण शोधत बसतो. हे बघा इथे उदास दिसते, हे बघा इथे हसू खोटं आहे. अहो, नाही हो! ती मस्त मूडमध्ये आहे, कॅव्हेटला छेडतेय, तो तिला छेडतोय, शाळेतल्या लोकांना आता मी कोण झालेय ते दाखवायचंय हा सरळसरळ पोरकट आनंद आहे तिला आणि तो आनंद खराच आहे. पुढे काय झालं ते आपल्याला माहितीये, तिला माहिती नव्हतं. आपलं ज्ञान तिच्या तोंडावर फासायची ही सवय जुन्या मुलाखती बघणाऱ्यांना फार असते, मीही करते कधी कधी, पण एकदा तरी हा भाग तारीख विसरून बघा, पोट धरून हसाल.

आणि बीटल्स बँडमधला जॉर्ज हॅरिसन, नोव्हेंबर १९७१. हा बघाच. शांत बीटल, शांत बीटल असं ऐकून ऐकून कान किटलेत, तर सुरुवातीला तो खरंच इतका शांत आहे की कॅव्हेटला घाम फुटायची वेळ येते, विनोद टाकून बघतोय, चालत नाहीयेत. ही अवघडलेली मिनिटं पुढे ढकलू नका प्लीज, कारण त्यानंतर बांगलादेश कॉन्सर्टचा विषय निघतो आणि शांत माणूस सुटतो. १ ऑगस्टला मॅडिसन स्क्वेअर गार्डनला कॉन्सर्ट झाली, नोव्हेंबर आला तरी रेकॉर्ड बाजारात नाही, पैसे निर्वासितांसाठी जायचेत आणि रेकॉर्ड कंपनी हिशेबात अडकलीये, तर हा भर टीव्हीवर त्या कंपनीला, म्हणजे कॅपिटलला, झाडतो. तेव्हा कॅपिटलचे प्रमुख होते भास्कर मेनन, म्हणजे भारतातल्याच माणसावर भारताच्या शेजारच्या निर्वासितांसाठी एक इंग्रज चिडलाय, अमेरिकेच्या टीव्हीवर. शेवटी अल्बम डिसेंबरमध्ये आला. त्याच एपिसोडमध्ये रविशंकरही येऊन बसतात, आणि त्यांच्यासमोर हॅरिसनचं बसणंच बदलतं, शिष्य होतो एकदम. हे कुठल्याही क्लिपमध्ये कळणार नाही कारण क्लिपवाल्याला बसण्यात काय इंटरेस्ट.

आता दुसरं ठिकाण, जे फार लोकांना माहितीच नाही: अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधलं जो स्मिथ कलेक्शन. जो स्मिथ म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांमध्ये मोठ्या पदांवर बसलेला माणूस. त्याने ऐंशीच्या दशकात पुस्तकासाठी २०० हून जास्त कलाकारांशी गप्पा मारून टेप केल्या, आर्टी शॉ, एला फिट्झजेराल्डपासून मिक जॅगर, डेव्हिड बोवीपर्यंत, आणि २०१२ मध्ये हे सगळं लायब्ररीला देऊन टाकलं. फुकट ऐकता येतं. चकाचक साऊंड नाही, सेट नाही, टाळ्या नाहीत, प्रेक्षक नाहीत, आणि नेमकी तीच मजा आहे. समोर पत्रकार नाही तर धंद्यातलाच माणूस बसलाय, त्यामुळे कलाकार वेगळे बोलतात, करार, टूर, पैसा, कोणी कोणाला बुडवलं, हे सगळं सहज येतं. ज्यांना फक्त प्रेरणादायी काहीतरी हवंय त्यांनी इकडे फिरकू नये, बोअर होतील. ज्यांना गाण्याचा धंदा कसा चालायचा ते त्यातल्याच लोकांच्या तोंडून ऐकायचंय त्यांनी आठवडाभराची सोय झाली असं समजा.

टीव्हीवाल्यांसाठी टेलिव्हिजन अकादमी फाउंडेशनचं अर्काइव्ह आहे, १९९७ पासून चालू आहे, ९०० हून जास्त मुलाखती, एकेक मुलाखत कित्येक तासांची. कॅमेरा एका जागी, माणूस खुर्चीत, आणि लहानपणापासून सगळं. नाव, शो, विषय यावरून शोधता येतं ही मोठी सोय. नुसते नट नाहीत, लेखक, कॅमेरामन, कपडेपटवाले पण आहेत. मला खरं म्हणजे तेच जास्त आवडले, कारण स्टार लोकांचे किस्से वर्षानुवर्षं सांगून गुळगुळीत झालेले असतात आणि पडद्यामागचा माणूस पहिल्यांदाच सांगत असतो.

बीबीसीचं डेझर्ट आयलंड डिस्क्स थोडक्यात: १९४२ पासूनचा रेडिओ कार्यक्रम, पाहुण्याने निर्जन बेटावर न्यायच्या आठ रेकॉर्ड्स निवडायच्या, वर एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू. खूप सुंदर कल्पना. पण सुरुवातीच्या काळातलं बरंच रेकॉर्डिंग जपलंच गेलं नाही, त्यामुळे यादी सापडते आणि आवाज सापडत नाही असं होतं. २०२२ मध्ये एका संग्राहकाकडे ९० हून जास्त हरवलेले भाग सापडले ही मात्र झकास बातमी होती.

हे हरवण्याचं प्रकरण जरा सांगायलाच हवं, कारण फॅन्सचं खरं काम तिथे दिसतं. त्या काळी व्हिडिओ टेप महाग, त्यामुळे जुन्या टेपवर नवीन कार्यक्रम रेकॉर्ड करून मोकळे व्हायचे. जॉनी कार्सन होस्ट असलेल्या अमेरिकेतल्या टुनाइट शोची पहिली दहाएक वर्षं जवळपास अशीच गेली. १४ मे १९६८ ला लेनन आणि मॅकार्टनी त्या शोवर आले होते (कार्सन त्या दिवशी सुट्टीवर, हा अजून एक विनोद), बीटल्सच्या स्वतःच्या अॅपल कंपनीची (कॉम्प्युटरवाली नव्हे) घोषणा करायला. बीटल्सपैकी दोघे, टुनाइट शो, आणि मूळ टेप नाही! आज आपण जे ऐकतो ते घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या फॅन्समुळे. आवाज खरखरीत आहे, पण आहे. ज्यांना घरचे तेव्हा नक्की वेडे म्हणाले असतील त्यांनी जपलं, आणि ज्यांचं जपायचं काम होतं त्यांनी पुसलं.

आता पळ कुठून काढायचा. नाव कोणाचं घेत नाही, अशी चॅनल्स पोत्याने आहेत. ओळखायची खूण: मुलाखत घेणारा दिसतच नाही, कार्यक्रमाचं नाव नाही, तारीख नाही, मागे रडका पियानो, आणि प्रत्येक वाक्यानंतरची शांतता कापलेली. हल्ली त्यात चेहरे एआयने इतके गुळगुळीत करतात की १९७० चा माणूस मेणाच्या पुतळ्यासारखा दिसतो. आणि आता तर कधीच न बोललेली वाक्यंही त्यांच्या आवाजात येतात. खाली फॅन्स रडतायत, "किती खरं बोलला", आणि बोललाच नाहीये तो! म्हणून कार्यक्रम आणि तारीख लिहिलेली नसेल तर मी बघतच नाही, कितीही गोड असो.

खरी असूनही कापल्यामुळे बिघडलेली मुलाखत म्हणजे १९९९ ची, गायक डेव्हिड बोवी आणि बीबीसीचा मुलाखतकार जेरेमी पॅक्समन. इंटरनेट काय उलथापालथ करणार आहे ते बोवी सांगतोय आणि पॅक्समन म्हणतो साधनच आहे ना ते, ही क्लिप दर वर्षी नव्याने व्हायरल होते, "बघा बोवी भविष्यवेत्ता, पॅक्समन मठ्ठ". अरे पण पूर्ण बघा ना. तिथे बोवी सांगतो की तो तरुण असताना संगीत हीच बंडखोरी वाटायची म्हणून तो त्यात गेला, आणि आता बंडाचा झेंडा इंटरनेटकडे गेलाय. तो भविष्य सांगत नाहीये, आपल्याच धंद्याचं महत्त्व ओसरलंय हे हसत हसत कबूल करतोय. आणि पॅक्समन मठ्ठ नाही, तो अडून बसला म्हणूनच बोवी इतका खुलला. होस्टला शिव्या घालणं हा फॅन्सचा आवडता खेळ, पण गोड गोड होस्टसमोर हे बाहेर आलंच नसतं.

शेवटचं आणि सध्या माझं सगळ्यात लाडकं, स्टड्स टर्केल रेडिओ अर्काइव्ह. शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी या रेडिओ स्टेशनवर या माणसाने ४५ वर्षं मुलाखती घेतल्या, हजारो कार्यक्रम आहेत, आणि बऱ्याच भागांचं लिखित रूपही आहे त्यामुळे इंग्रजी उच्चार कळले नाहीत तर वाचत ऐकता येतं, आपल्यासारख्यांना फार उपयोगी. १९६३ चा गायक-गीतकार बॉब डिलनचा भाग लावा. तेव्हा तो अगदी पोरगा, स्टुडिओत गिटार घेऊन गातोय, आणि त्याच्या मुसळधार पावसाच्या गाण्यावर (अ हार्ड रेन्स अ-गोना फॉल) टर्केल ठामपणे अणुबॉम्बच्या पावसाबद्दल बोलायला लागतो. डिलन म्हणतो नाही, अणूबिणू नाही, नुसता जोराचा पाऊस आहे. इतकी वर्षं झाली तरी अर्धे फॅन टर्केलच्या बाजूने आहेत, म्हणजे गाणं लिहिणाऱ्याच्या विरुद्ध! मी डिलनच्या बाजूने. पण टर्केलचा तो चुकलेला अंदाज टेपवर आहे म्हणून तर डिलनचं "नाही" ऐकायला मिळतं.

नव्याने सुरुवात करणार असाल तर हॅरिसनपासून करा, मग टर्केलकडे या, जो स्मिथ नंतर. आणि कृपा करून दीडपट स्पीडवर ऐकू नका, उत्तरं पटकन येतील पण विचार करताना ते जे थांबतात ते सगळं जाईल.