डायइलेक्ट्रिक ग्रीस: कोकणातल्या एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

माझी 150 सीसीची बीएस-6 मोटारसायकल रत्नागिरीच्या किनारपट्टीवर रोज चालते, म्हणजे पावसाळ्यात तांबडा चिखल आणि उरलेले वर्षभर खारा वारा. त्यामुळे गाडी वारंवार धुणे टळत नाही, आणि दर धुण्यानंतर काही ना काही तक्रार निघत असे. कधी हॉर्न बसल्यासारखा वाजे, कधी साइड स्टँड वर घेतलेला असूनही गिअर टाकताच इंजिन बंद पडे. मेकॅनिकने साइड स्टँडच्या सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारा प्लास्टिकचा जोड, उघडून दाखवला, तेव्हा न कल्हई केलेल्या पितळी भांड्याला धरतो तसा हिरवट कळंक त्याच्या पिनांवर चढलेला होता. त्यानंतर, पावसाळा तोंडावर असताना, मी डायइलेक्ट्रिक ग्रीसची एक छोटी ट्यूब आणली. आता दिवाळी उलटून गेली आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

हे ग्रीस सिलिकॉन तेलाचे असते आणि त्यातून वीज वाहत नाही. हे ऐकून अनेक जण बिचकतात, कारण वीज न वाहू देणारा पदार्थ पिनेवर लावला तर जोड तुटणार नाही का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात कपलर बसवताना पिन आणि तिची खोबण एकमेकींवर इतक्या घट्ट घासतात की स्पर्शाच्या जागेवरून ग्रीस बाजूला सरते आणि धातूला धातू लागतो. उरलेले ग्रीस भोवतालची पोकळी भरून काढते आणि पाण्याला व हवेला आत शिरायला जागा ठेवत नाही. मात्र थर पातळच हवा. भरपूर ग्रीस कोंबले तर कपलर पूर्ण बसत नाही, आणि बसला असे वाटून पुन्हा मागे सरकतो.

लावण्याचे काम वेळखाऊ आहे, पण अवघड नाही. किल्ली बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, कपलरची खिट्टी दाबून तो उघडावा, कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा स्प्रे) मारून पूर्ण कोरडा होऊ द्यावा, मग रबरी सीलवर व पिनांवर बोटाने ग्रीसचा हलका हात फिरवून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत कपलर परत बसवावा. आधीचा ओलावा आत ठेवून वरून ग्रीस लावले तर तोच ओलावा कोंडला जातो, म्हणून कोरडे करण्यात घाई करू नये. मी साइड स्टँड सेन्सर, रेक्टिफायर (इंजिनावर तयार होणारी वीज बॅटरीजोगी करणारा भाग), मागच्या ब्रेकचा स्विच, इग्निशन कॉइल, हेडलाइटमागचे कपलर आणि स्पार्क प्लगवरच्या टोपीची (प्लग कॅपची) रबरी कड एवढ्या ठिकाणी ते लावले. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचा कपलर जाणीवपूर्वक सोडला, कारण या प्रकारचे बरेचसे सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या वाटेनेच आत घेतात आणि सिलिकॉनची वाफही त्यांना मानवत नाही. बॅटरीच्या टर्मिनलला साधी पेट्रोलियम जेली पुरते. तिथे हे महाग ग्रीस खर्च करण्यात अर्थ नाही. उलट, कपलरच्या सीलवर जेली लावू नये, कारण काही प्रकारचे रबर खनिज तेलाने फुगते, शिवाय इंजिनाजवळच्या उष्णतेने ती वितळून ओघळते.

आता परिणामाविषयी. ग्रीस लावलेल्या एकाही कपलरने पावसाळाभर तक्रार केली नाही. श्रावण संपताना साइड स्टँडचा कपलर मुद्दाम उघडून पाहिला, तर बाहेरून चिखल आणि आत स्वच्छ पिना. हॉर्न आणि हँडलवरचे स्विच यांच्या बाबतीत मात्र या ट्यूबचा उपयोग नाही, कारण तिथे पाणी कपलरमधून नव्हे, तर उघड्या फटींमधून शिरते. तिथे धुण्याची पद्धतच बदलावी लागते, आणि माझ्या मते निम्मे श्रेय त्या बदलाचेच आहे.

गाडीचे विजेचे भाग पावसाचा विचार करून बनवलेले असतात, जवळून मारलेल्या प्रेशरच्या फवाऱ्याचा नव्हे. पाणी-धुळीपासून संरक्षणाचा आयपी67 हा दर्जा एक मीटर खोल पाण्यात 30 मिनिटे टिकण्याचा आहे. जोरदार फवाऱ्याची चाचणी वेगळी असते. घरगुती प्रेशर वॉशरसुद्धा सहज 100 बारच्या आसपास दाब देतो. म्हणून वॉशिंग सेंटरला मी आता फक्त चाके, मडगार्ड आणि इंजिनाचा खालचा भाग प्रेशरने धुवायला सांगतो. मीटर, स्विच, किल्लीचे छिद्र, सीटखालचा भाग आणि एबीएसचे सेन्सर यांच्यावर नळी धरू देत नाही. हे सांगितल्यावर तिथला मुलगा थोडा नाराज होतो, पण ऐकतो. गाडी गरम असताना तर मुळीच धुऊ नये: तापलेल्या कपलरमधली हवा पाण्याने एकदम थंड होऊन आक्रसते आणि सीलच्या कडेचे पाणी आत ओढून घेते. धुतल्यावर प्लगच्या खोबणीत पाणी साचले असेल, तर तिथला निचऱ्याचे बारीक भोक चिखलाने बुजले आहे का, ते आधी पाहावे.

अनेक जण धुतल्यावर सगळीकडे गंजरोधक स्प्रे मारतात. त्याने पाणी हटते हे खरे, पण तो पातळ थर लवकर उडून जातो व त्यावर धूळ बसते, म्हणून कपलरसाठी तो ग्रीसला पर्याय ठरत नाही.

ट्यूब अजून अर्ध्याहून अधिक शिल्लक आहे. खरेदी करताना पाकिटावर सिलिकॉन आणि डायइलेक्ट्रिक हे दोन्ही शब्द पाहून घ्यावेत, कारण दुकानदार कधी कधी बेअरिंगचे साधे ग्रीस पुढे करतात. रेक्टिफायर बराच तापतो, त्यामुळे त्याचा कपलर मी पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा उघडून साफ करणार आहे. बाकीचे पुढील पावसाळ्यापूर्वी पाहिले तरी चालतील.